दातांचे इम्प्लांट: एका दातापासून अख्ख्या जबड्यापर्यंत, घरच्यांसाठी संपूर्ण माहिती

आपल्या बहुतेक घरांत एक तरी बुजुर्ग असा असतो, जो रोटी चहात भिजवून खातो. दावतीत सगळे बिर्याणीवर ताव मारत असताना तो बाजूला बसून फिरनीची वाटी संपवतो. कवळी असते, पण ती डबीत. "टोचते", "हलते", "बोलताना बाहेर येते" अशी तक्रार असते. मग कुणी तरी सांगतं, "आता स्क्रूवाले दात बसवतात, ते हलत नाहीत." लगेच प्रश्न सुरू होतात. खर्च किती? दुखतं का? शुगर असताना चालतं का? त्यात वापरतात ते हाड कशाचं असतं? रोजा, वुजू, गुस्ल यांचं काय?

दुसरीकडे अशीही घरं आहेत जिथे प्रश्न एका दाताचा नाही. तोंडाच्या कॅन्सरमुळे किंवा कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीमुळे जबड्याचा मोठा भाग काढावा लागला. माणूस वाचला, पण खाणं, बोलणं, लोकांसमोर जाणं बंद झालं. अशा रुग्णांसाठीही आज पुष्कळ काही करता येतं आणि ते अनेकांना माहीतच नसतं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

इम्प्लांट म्हणजे अख्खा दात नव्हे. तो दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवला जाणारा छोटा स्क्रू असतो. बहुतेक इम्प्लांट टायटॅनियम धातूचे असतात. जाडी साधारण ३ ते ५ मिलिमीटर आणि लांबी बहुधा ८ ते १३ मिलिमीटर. झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचेही इम्प्लांट मिळतात, पण वापर टायटॅनियमचाच जास्त आहे.

संपूर्ण दाताचे तीन भाग असतात. हाडात असतो तो इम्प्लांट. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड, त्याला डॉक्टर अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर बसते ती कॅप, जी आपल्याला दात म्हणून दिसते. "इम्प्लांटचा भाव" सांगताना काही ठिकाणी फक्त स्क्रूचा भाव सांगतात, अबटमेंट आणि कॅपचे पैसे नंतर निघतात. म्हणून हे तीन भाग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

हा शोध लागला कसा?

स्वीडनचे डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क (१९२९ ते २०१४) दातांचे डॉक्टर नव्हते. १९५० च्या दशकात ते सशाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक छोटी नळी हाडात बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. हाड आणि धातू असे एकजीव होण्याला पुढे ऑसिओइंटिग्रेशन हे नाव मिळालं.

१९६५ साली गोथेनबर्ग शहरात गोस्टा लार्सन या रुग्णाला त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून दोष होता आणि दात नव्हते. ते २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी इम्प्लांट वापरले. तरीही डॉक्टरमंडळींना हे पटायला बराच वेळ लागला. १९८२ मध्ये कॅनडातल्या टोरंटो इथे परिषद झाली, तिथे ब्रोनेमार्क यांनी अनेक वर्षांच्या रुग्णांचे पुरावे मांडले आणि त्यानंतर ही पद्धत जगभर गेली.

टायटॅनियमच का? हवेशी संपर्क आला की या धातूवर ऑक्साइडचा एक पातळ थर लगेच तयार होतो. तो थर गंजू देत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला परका समजून दूर ढकलत नाहीत, उलट त्यावर वाढतात.

आपल्या इतिहासातही याच्या खुणा आहेत

हरवलेला दात किंवा अवयव पुन्हा बसवावा ही इच्छा नवी नाही. अंदलुसमधल्या कुर्तुबाजवळचे मशहूर सर्जन अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू १०१३ च्या सुमारास) यांनी 'अत-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची पद्धत दिली आहे. पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडातून कोरलेला दात बसवता येतो, असंही त्यांनी नमूद केलं आहे.

त्याच्याही आधीची घटना हदीसमध्ये येते. सहाबी हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचं नाक कुलाबच्या लढाईत कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवून घेतलं, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा अल्लाहचे रसूल (स.अ.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. पुरुषांना सोनं वापरायची मनाई असतानाही गरजेपोटी ही सवलत मिळाली, म्हणून फुकहांनी दात सोन्याने बांधण्याच्या मसल्यात या हदीसचा आधार घेतला.

महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. इंग्रज-म्हैसूर युद्धात नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्यात एका स्थानिक कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा तयार केलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली आणि युरोपच्या सर्जनांनी ती पद्धत उचलली.

दात पडल्यावर जागा तशीच ठेवली तर?

"मागची दाढ आहे, दिसत थोडीच!" असं म्हणून बरेच जण सोडून देतात. पण जबड्याच्या हाडाला दातामुळे रोज दाब मिळतो, त्यावर ते टिकतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यापर्यंत घटू शकते. शेजारचे दात मोकळ्या जागेत झुकतात, समोरच्या जबड्यातला दात खाली किंवा वर सरकतो. सगळेच दात गेले तर वर्षानुवर्षं हाड झिजत जातं, गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते. आणि हाड जितकं कमी, तितकं पुढचं इम्प्लांट अवघड आणि महाग.

बोलण्यावरही परिणाम होतो. कुरआनची तिलावत करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. 'से', 'जाल', 'जोय' या हरफांसाठी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावं लागतं आणि 'फे'साठी खालचा ओठ त्याच दातांना टेकतो. पुढचे दात गेलेल्या हाफिजसाहेबांना मखरज सांभाळताना किती कसरत करावी लागते ते त्यांनाच विचारा.

तीन पर्याय आहेत, त्यांची तुलना

कवळी: सर्वांत स्वस्त आणि ऑपरेशनशिवाय होणारी. वरची कवळी टाळूला चिकटून बरी बसते. खालची मात्र जिभेमुळे हलते, बहुतेकांची तक्रार तिचीच असते. हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी कवळी सैल होते आणि बदलावी लागते.

ब्रिज: शेजारचे दोन दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधला दात बसवायचा. लवकर होतो आणि ऑपरेशन लागत नाही. पण चांगले दात घासावे लागतात आणि मधल्या जागेचं हाड झिजायचं थांबत नाही.

इम्प्लांट: शेजारच्या दातांना हात लागत नाही, चावायची ताकद चांगली मिळते, हाड टिकायला मदत होते. पण ऑपरेशन लागतं, काही महिने लागतात आणि खर्च जास्त. योग्य रुग्ण निवडला आणि निगा राखली तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट टिकलेले असतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे.

या तिघांमध्ये एक मधला रस्ता आहे आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना सांगितला जातो. सगळे दात गेलेल्या बुजुर्गांच्या खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि त्यावर कवळी बटणासारखी अडकवायची. ती काढता-घालता येते, पण हलत नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा, असं मत मांडलं होतं. सगळे दात फिक्स करण्याच्या तुलनेत हा पर्याय खूपच स्वस्त पडतो. अम्मी-अब्बूंसाठी विचारायला जाल तेव्हा या पर्यायाबद्दल जरूर विचारा.

पूर्ण जबड्याचे दात फिक्स हवे असतील तर चार ते सहा इम्प्लांटवर अख्खी पंक्ती बसवतात. पोर्तुगालचे डॉक्टर पाउलो मालो यांनी रुळवलेली 'ऑल ऑन फोर' पद्धत यातलीच. तिच्यात मागचे दोन इम्प्लांट तिरके बसवतात, त्यामुळे कमी हाडातही काम भागतं.

ऑपरेशन कसं होतं?

पहिली पायरी तपासणीची. हिरड्या, उरलेले दात, शुगर, बीपी, चालू असलेली औषधं हे सगळं पाहिलं जातं. मग सीबीसीटी नावाचा स्कॅन काढतात. यात हाडाची उंची आणि रुंदी, खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या जबड्याच्या मागची सायनसची पोकळी दिसते. साध्या एक्स-रेमध्ये रुंदी कळत नाही. खालची नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून स्कॅन टाळू नये.

दुसरी पायरी स्क्रू बसवण्याची. दात काढताना देतात तशीच त्या जागेपुरती भूल देतात. हिरडी बाजूला करून बारीक ड्रिलने हाडात जागा करतात आणि इम्प्लांट फिरवून बसवतात. ड्रिल चालू असताना सलाइनचं पाणी सतत सोडलं जातं. कारण हाडाचं तापमान ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात आणि इम्प्लांट धरत नाही. एका साध्या इम्प्लांटला बहुधा तासाभराच्या आत वेळ लागतो. दोन-तीन दिवस सूज आणि दुखणं असतं, ते साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

तिसरी पायरी थांबण्याची. खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने चार ते सहा महिने. या काळात हाड इम्प्लांटला धरतं. इथे घाई केली तर सगळंच वाया जाऊ शकतं.

चौथी पायरी अबटमेंट आणि कॅपची. माप घेऊन, रंग जुळवून कॅप बसवतात.

"तीन दिवसांत फिक्स दात" अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. हाड भरपूर आणि पक्कं असेल, इम्प्लांट पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल तर काही निवडक रुग्णांत लगेच तात्पुरते दात देता येतात, हे खरं आहे. पण ते सगळ्यांना लागू होत नाही. स्कॅन न पाहता फोनवरच हमी देणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

हाड कमी असेल तर? आणि ते हाड कशाचं?

हाड कमी असेल तर बोन ग्राफ्ट करतात, म्हणजे हाडाची भर घालतात. वरच्या जबड्यात मागे सायनसचा पडदा वर उचलून खाली हाड भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. आपल्या वाचकांच्या मनातला मोठा प्रश्न इथेच येतो. ग्राफ्ट चार प्रकारचे असतात:

१. रुग्णाचं स्वतःचं हाड, हनुवटीतून, जबड्याच्या मागच्या भागातून किंवा कमरेच्या हाडातून काढलेलं.
२. मृत मानवी दात्याचं, प्रक्रिया केलेलं हाड.
३. जनावराचं हाड. बाजारातलं बरंचसं गाय-बैलाच्या हाडापासून केलेलं असतं, काही डुकरापासूनचंही असतं.
४. कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटसारख्या खनिजांपासून प्रयोगशाळेत बनवलेलं.

याशिवाय ग्राफ्टवर झाकायला कोलॅजेनचा पातळ पडदा वापरतात. बाजारातले काही प्रचलित पडदे डुकराच्या कोलॅजेनचे असतात, काही गाईच्या. डॉक्टर हे मुद्दाम लपवतात असं नाही, कुणी विचारत नाही म्हणून विषय निघत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, आधीच्या भेटीतच स्पष्ट सांगा: "डुकरापासूनचं काही वापरू नका, दुसरा पर्याय सांगा." पर्याय असतात. पाकिटावर कशापासून बनवलं ते छापलेलं असतं, ते वाचून दाखवायला सांगा. स्वतःच्या रक्तातून तयार केलेला पीआरएफचा थरही अनेक ठिकाणी वापरतात.

रोजा, वुजू, गुस्ल

इम्प्लांट ही तातडीची बाब नाही, त्यामुळे ऑपरेशन रमजानच्या आधी पुरेशा दिवसांनी किंवा ईदनंतर ठेवणंच सोयीचं. ऑपरेशननंतर पाच-सात दिवस वेळेवर गोळ्या, भरपूर पाणी आणि मऊ खाणं लागतं. टाक्यांतून थोडं रक्त येऊ शकतं आणि ते गिळलं गेलं तर रोजाचा मसला उभा राहतो. हज-उमराला निघायच्या तोंडावरही ऑपरेशन करून घेऊ नका, टाके निघून जखम भरू द्या.

वुजू आणि गुस्लबाबत उलमा साधारणपणे असं सांगतात की जो दात पक्का बसवलेला आहे आणि सहज काढता येत नाही, तो शरीराच्या भागासारखा, त्यामुळे अडचण नाही. काढता येणारी कवळी असेल तर गुस्लच्या वेळी ती काढून कुल्ली करावी. टायटॅनियम हा सोनं-चांदी नसल्याने पुरुषांच्या सोन्याचा प्रश्नही येत नाही. मसलक वेगवेगळे आहेत, म्हणून मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या.

कुणी आधी थांबावं?

डायबेटिस: शुगर आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही असं नाही. पण ती आटोक्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सातच्या आसपास असावी असं डॉक्टर पाहतात. आठच्या वर असेल तर बहुतेक जण आधी शुगर कमी करायला सांगतात.

तंबाखू: सिगरेट-विडी ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या मानाने दुपटीच्या आसपास असतं. मशेरी, मावा, खर्रा, गुटखा यांनी हिरड्यांची वाट लागते. गुटखा-सुपारीने तोंड उघडणं कमी झालं असेल तर डॉक्टरांचं अवजारच आत जात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

हाडाची औषधं: हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सर हाडात पसरला म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील तर दातांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा रुग्णांत जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. कित्येकदा हे इंजेक्शन वर्षातून एकदाच घेतलेलं असतं आणि घरचे विसरून जातात.

रक्त पातळ करणारी गोळी: स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.

वय: म्हातारपण हा अडथळा नाही, कमी वय आहे. जबड्याची वाढ चालू असताना इम्प्लांट बसवला तर शेजारचे दात जबड्याबरोबर खाली येतात आणि इम्प्लांट तिथेच राहतो, मग तो आखूड दिसू लागतो. म्हणून मुलींना साधारण सतरा-अठरा आणि मुलांना अठरा-वीस वर्षांपर्यंत तात्पुरता दात देऊन थांबवतात. खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत डॉक्टर गाठा, तोच दात पुन्हा बसू शकतो.

गरोदरपणात हे काम बाळंतपणानंतरवर ढकलावं.

कॅन्सर किंवा काळ्या बुरशीने जबडाच गेला असेल तर

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र पुढे होता. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड या दोन गोष्टींनी ही बुरशी फोफावली. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा, टाळू, काहींचा डोळाही काढावा लागला. दुसरीकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आहे, ज्यात बहुधा खालचा जबडा आणि गालाचा भाग जातो.

टाळूला भोक पडलं की प्यालेलं पाणी नाकातून येतं आणि बोलणं समोरच्याला समजत नाही. असा माणूस जेवायच्या वेळी खोलीचं दार लावून घेतो. जमातीला, शादीला जाणं सोडतो. घरच्यांना वाटतं, जीव वाचला हेच खूप. पण पुढचे उपाय आहेत:

ऑब्च्युरेटर: कवळीसारखी प्लेट, तिच्या वरच्या फुगीर भागाने टाळूचं भोक बंद होतं. ऑपरेशन लागत नाही, खर्च कमी आणि पाणी नाकातून यायचं थांबतं, बोलणं सुधारतं. पहिला उपाय बहुतेकदा हाच असतो.

झायगोमॅटिक इम्प्लांट: वरच्या जबड्यात हाडच उरलं नसेल तर तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे इम्प्लांट गालाच्या हाडात अडकवतात आणि त्यावर दात बसवतात. ही कल्पनाही ब्रोनेमार्क यांचीच. पूर्ण भूल देऊन, मोठ्या अनुभवी हातांनीच करायचं हे ऑपरेशन आहे.

रुग्णाच्या मापाचे इम्प्लांट: सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर आराखडा करून त्याच माणसाच्या चेहऱ्याला बसेल असा टायटॅनियमचा सांगाडा थ्री-डी प्रिंटरवर बनवतात.

पायाच्या हाडाचा जबडा: खालचा जबडा काढला असेल तर पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या आकारात कापून बसवतात आणि रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. शरीराचा भार शेजारच्या मोठ्या हाडावर असतो, त्यामुळे रुग्ण पुन्हा चालू शकतो. नंतर या नव्या हाडात दातांचे इम्प्लांट बसवता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर हॉस्पिटलांत अशी जबडा-पुनर्रचना नेहमी होते.

चेहऱ्याचे अवयव: कान, नाक किंवा डोळ्याचा भाग गेला असेल तर हाडात इम्प्लांट बसवून त्यावर चुंबकाने किंवा क्लिपने सिलिकॉनचा अवयव लावतात. त्वचेच्या रंगाशी हुबेहूब जुळवता येतो. उन्हाने रंग उडतो, म्हणून साधारण दीड-दोन वर्षांत नवा करावा लागतो. जन्मतः कान नसलेल्यांनाही याचा फायदा होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. रेडिएशन घेतलेलं हाड लवकर भरत नाही, त्यामुळे अशा जबड्यात दात काढणं किंवा इम्प्लांट बसवणं कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, गल्लीतल्या दवाखान्यात तर नकोच. आणि बुरशीचा रुग्ण असेल तर आजार पूर्ण गेल्याची खात्री आणि शुगर ताब्यात, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच पुढचं काम.

खर्च आणि मदत

खासगी दवाखान्यात एका दाताचा, म्हणजे स्क्रू, अबटमेंट आणि कॅप मिळून, खर्च शहर आणि कंपनीनुसार साधारण २५ ते ५० हजारांच्या घरात जातो. ग्राफ्ट लागला तर वेगळा. डेंटल कॉलेजमध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एमडीएस करणारे डॉक्टर हेच काम कमी खर्चात करतात, फक्त फेऱ्या जास्त होतात. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) इथे सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर आणि अपघातातल्या जबड्याच्या ऑपरेशनांचा समावेश आहे, साध्या दातांच्या इम्प्लांटला मात्र सहसा मदत मिळत नाही. नेमकं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. हेल्थ इन्शुरन्सवालेही दातांचं काम बहुधा नाकारतात, पण अपघातात जबडा मोडला असेल तर क्लेम करून बघा. जबडा गमावलेल्या गरजू रुग्णाला ऑब्च्युरेटर किंवा दात मिळवून देणं हे जकात-सदका जमा करणाऱ्या आपल्या संस्थांनी हाती घेण्यासारखं काम आहे. ऑपरेशनसाठी पैसे गोळा होतात, पण त्यानंतर माणूस जेवतो कसा, हे विचारायला कुणी जात नाही.

डॉक्टरांना हे विचाराच

१. इम्प्लांट कोण बसवणार आणि कॅप कोण करणार? दोघांची पदवी काय? (डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेलं असतं.)
२. सांगितलेल्या रकमेत स्क्रू, अबटमेंट, कॅप, स्कॅन, ग्राफ्ट यांतलं काय काय धरलं आहे?
३. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? त्याच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर मला मिळेल का? (हे जपून ठेवा. दहा वर्षांनी अबटमेंट ढिला झाला तर दुसऱ्या डॉक्टरला याशिवाय जुळणारा भाग शोधता येत नाही.)
४. ग्राफ्ट आणि पडदा कशापासून बनवलेला आहे?
५. इम्प्लांट धरला नाही तर पुढे काय? पैसे पुन्हा द्यावे लागतील का?
६. माझ्यासाठी स्वस्त पर्याय कोणता आणि तो तुम्ही का सुचवत नाही?

बसवल्यानंतरची निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होतो. खऱ्या दाताभोवती संवेदना देणारे बारीक तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात. त्यामुळे सुरुवातीला दुखत नाही आणि कळतं तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं. ब्रश करताना रक्त येणं, पू, वास, हिरडी खाली सरकणं यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नका.

रोज दोनदा मऊ ब्रश आणि दातांच्या मधल्या जागेसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश वापरा. मिसवाक करणाऱ्यांनी जरूर करावा, पण इम्प्लांटच्या कडेने हळू हाताने, आणि मधल्या फटींसाठी छोटा ब्रश लागतोच. झोपेत दात खायची सवय असेल तर रात्री घालायचा नाइट गार्ड करून घ्या. नळीतलं हाड किंवा अख्खी सुपारी फोडायला हे दात वापरू नका, कॅप तुटते. दर सहा महिन्यांनी तपासणी करा. एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमच्या इम्प्लांटची सहसा अडचण येत नाही, तरी तिथल्या कर्मचाऱ्याला आधी सांगा. चुंबकाने लागणारा अवयव असेल तर तो काढून ठेवावा लागतो.

शेवटी एकच सांगणं. तुमच्या घरात कुणी जेवायला वेगळं बसत असेल, कवळी डबीत पडून असेल, किंवा ऑपरेशननंतर कुणी तोंडावर रुमाल धरूनच बोलत असेल, तर एकदा जवळच्या डेंटल कॉलेजात नेऊन दाखवा. सगळ्यांना इम्प्लांट लागेलच असं नाही. कुणाचं काम नव्या कवळीने होईल, कुणाचं प्लेटने. पण तपासल्याशिवाय ते कळणार नाही. आणि जाल तेव्हा शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या, म्हणजे पहिलीच फेरी वाया जाणार नाही.